अपघातांतील अपंगत्वाचें अनुदान : वेळ कोठें जातो ?

मळणीयंत्रांत हात सांपडला किंवा विजेच्या धक्क्यानें पाय निकामी झाला, म्हणजे कुटुंबापुढें पहिला प्रश्न उपचाराचा उभा राहतो. दुसरा प्रश्न सरकारी साहाय्य केव्हां हातीं पडेल, हा होय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण हा दुसरा प्रश्न विचारतात, म्हणून त्याचा थोडा खुलासा येथें करीत आहों.

महाराष्ट्रांत शेतकऱ्यांची अपघात योजना 2005 सालापासून विमा कंपन्यांमार्फत चालत असे. हप्ता सरकार भरी व दाव्याचा निर्णय कंपनी करी. दावे रेंगाळतात व क्षुल्लक त्रुटींवर नामंजूर होतात, अशा तक्रारी वाढल्या. तेव्हां एप्रिल 2023 मध्यें विमा काढून टाकून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. तींत दोन डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा व एक अवयव निकामी झाल्यास 2 लाख रुपये, आणि एकच डोळा वा अवयव गेल्यास 1 लाख रुपये ठरविले आहेत. खातेदार व त्याच्या कुटुंबांतील आणखी एक व्यक्ति, 10 ते 75 वर्षे वयाची, अशा दोघांस तिचा लाभ आहे.

मुदती पाहतां त्या आंखूड आहेत. अर्ज 30 दिवसांच्या आंत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा. महसूल, पोलीस व कृषि खात्यांच्या पथकानें 8 दिवसांत तहसीलदारास अहवाल द्यावयाचा. आणि तहसीलदाराच्या समितीनें 30 दिवसांत निर्णय करावयाचा.

मग विलंब होतो कोठें ? आमच्या मतें, बहुतेक समितीपाशीं पोंचण्यापूर्वींच. मृत्यूचा दाखला लौकर मिळतो. अपंगत्वाचें तसें नाहीं. तुटलेला हात डोळ्यांना दिसतो, परंतु शिरा दुखावलेला हात किती सुधारेल हें उपचार संपल्यावांचून डॉक्टरास सांगतां येत नाहीं. सुधारणेचा संभव असेल तर दाखला ठराविक मुदतीचा मिळतो, कायमचा नव्हे. शिवाय 2017 च्या नियमांत दाखल्यासाठीं एक महिन्याची मुदत होती, ती ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनें तीन महिने झाली. दोन वर्षे निर्णयावांचून पडून राहिलेला अर्ज रद्द होऊन नव्यानें करावा लागतो, हेंही त्याच दुरुस्तीनें आलें. अर्ज आतां यूडीआयडीच्या संकेतस्थळावरूनच करावयाचा असतो.

म्हणजे एका अर्जास 30 दिवस आणि त्याच्या आधाराच्या दाखल्यास तीन महिने, असा हा मेळ आहे. ज्यांनीं या मुदती आंखल्या त्यांनीं त्या शेजारीं ठेवून पाहिल्या होत्या काय, अशी शंका आम्हांस येते. दाखल्याची वाट पाहत अनुदानाचा अर्ज थांबवूं नये, असें आमचें सांगणें आहे. हातीं असलेल्या कागदांसह तो मुदतींत द्यावा, दाखल्याचा अर्ज केला असून तो मागाहून जोडूं असें त्यांत लिहावें, आणि दोन्ही अर्जांची पोंच जपून ठेवावी. दाखल्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतच गेलें पाहिजे असें नाहीं; ज्या सरकारी रुग्णालयांत उपचार झाले तेथेंही मागणी करतां येते.

पोलिसांकडील नोंद व पंचनामा हे मात्र त्याच वेळीं व्हावयास पाहिजेत. रानांतील अपघात आपसांतला म्हणून पुष्कळदां कळविला जात नाहीं, आणि महिन्याभरानें पंचनाम्यास जागेवर कांहीं उरत नाहीं.

दुसरी अडचण आमच्याच घरची आहे. सात-बारा अद्याप मयत आजोबांच्या नांवें, वारसनोंद झालेली नाहीं, वांटणी तोंडी. अशा घरांत जखमी मनुष्य जन्मभर तीच जमीन कसत असला तरी कागदावर तो खातेदार नसतो. मग आधीं फेरफार, नंतर अनुदान. आणि भाऊबंदांत तक्रार उठली कीं फेरफारासच महिने लागतात. वारसनोंदीचें काम आज, घर सुखरूप असतांना, थोड्या खर्चांत होतें.

दाखला नाकारल्यास कारण लेखी मागावें. तें देणें वैद्यकीय अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्या निर्णयावर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 अन्वयें अपील करतां येतें.