थोरलीचे दप्तर आणि धाकट्याचा पाळणा

तासगावकडे बेदाणा निवडायला, सांगलीत हळदीच्या गोदामात, नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत जाणारी आई सकाळीच घर सोडते. मूल कोणाजवळ? सासू धडधाकट असेल तर भागते. नसेल तर थोरल्या मुलीचे दप्तर खुंटीला लागते आणि धाकटे तिच्या कडेवर येते.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि १९७५ पासून तिने पुष्कळ केले. पण तिथे शिकायला बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल, तेही काही तास. त्याहून लहान बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, लस मिळते. आईची पाळी मात्र संध्याकाळी सुटते.

हा प्रश्न साताऱ्याला नवा नाही. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई गेल्या तेव्हा ते लहान होते. वडील रामजी नोकरीसाठी खटाव तालुक्यातील गोरेगावला, दुष्काळी कामावर. मुले साताऱ्यात आत्याच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर. आत्या फार मायाळू, पण पायांनी अधू. म्हणून पोरेच चूल पेटवत. भाकरी जमत नसे, तेव्हा पुलाव शिजवत. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू त्यांनी घेतली.

थोरलीला शाळेत आणायचे तर कडेवरच्या पोराचीही सोय हवी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी भागात काम करताना ओळखले. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. मात्र ते ५० कामगार हजेरीवर दिसले पाहिजेत ना! मुकादमाच्या वहीतल्या बायांना कोण मोजणार?

त्यांच्यासाठी सरकारची 'पाळणा' योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. रांगणारी बाळे जास्त असतील तर दोन बाया कमीच पडतात, असे आम्हाला वाटते.

पाळणाघर सरकारी असो की शेजारच्या काकूंचे, मूल ठेवण्याआधी दोन-तीन वेळा न सांगता जाऊन पाहावे. आत येऊ देत नसतील तर तिथे मूल ठेवू नये. पाणी उकळतात का, दूध बाटलीने की वाटी-चमच्याने, पाण्याची टाकी आणि चूल मुलांपासून लांब आहे का, दाराला कडी आहे का, हे बघावे. तान्ह्याची झोपायची जागा पळणाऱ्या मुलांपासून वेगळी हवी. मोठ्यांना गोष्ट, गाणे, खेळ हवा. नुसते टीव्हीसमोर बसवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. आणि एखाद्या मुलाला आडनावावरून वेगळी वाटी मिळते का, तेही बघावे.

वस्तीत पाळणाघर नसेल तर दहा-वीस आयांनी सह्या करून पंचायत समितीतील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्जात मुलांची वये आणि आयांच्या कामाची वेळ लिहावी. वेळ विसरू नये, नाहीतर आई यायच्या आधीच बंद होणारे पाळणाघर पदरात पडेल.