तरुणांच्या डोळ्यांखालील पिशव्या

पौषातल्या थंडीत आदिलाबादच्या बाजाराच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. वजनकाट्यापाशी आपली पाळी येईपर्यंत शेतकऱ्याचा मुलगा गाडीवरच घोंगडी पांघरून रात्र काढतो. सकाळी चहाच्या टपरीवर त्याचे सुजलेले डोळे पाहून कोणीही म्हणतो, "रात्रभर जागलेला दिसतोस." त्याच सकाळी वसतिगृहातील एखादी मुलगी अशाच सुजऱ्या डोळ्यांनी वर्गात येते. तिच्याविषयीही तेच म्हटले जाते, "परीक्षा जवळ आली, जागरण झाले असेल." तिसरा एक तरुण कचेरीत नुकताच नोकरीस लागलेला असतो. तो रात्री दहाला निजतो, सहाला उठतो. तरी त्याच्या डोळ्यांखाली दोन पिशव्या बारमाही दिसतात. त्यालाही लोक जागरणाबद्दलच विचारतात.

तिघांचे डोळे वरवर सारखे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी तीन निरनिराळी कारणे असू शकतात. पहिल्याची सूज दुपारपर्यंत उतरेल. तिसऱ्याची कधीच उतरणार नाही आणि तिच्यापासून त्याच्या प्रकृतीस काही अपायही होणार नाही. मुलीची सूज मात्र कदाचित मूत्रपिंडांच्या विकाराची पहिली सूचना असेल. जागरण हे एकच उत्तर तिघांनाही लावले, तर जिला वैद्यकीय मदतीची खरी गरज आहे तीच मागे राहते. म्हणून हा फरक कसा ओळखावा, हे प्रत्येक आईबापाने आणि शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम डोळ्याखालची रचना पाहू. पापण्यांची त्वचा ही साऱ्या शरीरात अत्यंत पातळ असते. तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, त्याच्यामागे एक पातळ पडदा आणि त्या पडद्यामागे मेदाच्या लहान लहान गाद्या असतात. खोबणीत नेत्रगोलक सुखाने राहावे, त्याला धक्का बसू नये, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. खालच्या पापणीमागे अशा तीन गाद्या असतात. त्वचा पातळ आणि तिच्याखालचा भाग सैल, यामुळे शरीरात थोडे जरी पाणी साठले तरी ते येथे आधी दिसून येते. कपाळावर किंवा तळव्यावर जे ध्यानातही येणार नाही, ते डोळ्याखाली लगेच उमटते.

आता पहिल्या प्रकाराचा विचार करू. माणूस दिवसभर उभा किंवा बसलेला असतो तेव्हा शरीरातील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. तो आडवा झाला की तेच पाणी चेहऱ्याकडे येते. त्यातून रात्री जेवणात पापड, लोणचे, ठेचा किंवा दुकानातील खारे पुडे असले, तर मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. मद्यपानाने, फार वेळ रडण्याने आणि अपुऱ्या झोपेनेही डोळे जड होतात. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत रात्री जागवून परतलेल्या तरुणांचे किंवा गावच्या हरिनाम सप्ताहात जागलेल्या टाळकऱ्यांचे डोळे पाहिले म्हणजे याची खूण पटते. पुरती झोप मिळाली की एकदोन दिवसांत ते पूर्ववत होतात. या सुजेची ओळख हीच, की ती सकाळी अधिक असते आणि दिवस चढतो तशी ओसरते.

याच प्रकाराच्या जवळचे दुसरे कारण म्हणजे वावडे, ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो. कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या परिसरात बारीक तंतू आणि धूळ हवेत उडत असते. रस्त्याच्या कडेला गाजरगवत फुललेले असते. कोणाला अंथरुणातील धूळ सोसत नाही. अशा माणसाला शिंका येतात, नाक चोंदते, डोळे खाजतात आणि तो ते चोळत राहतो. चोळण्याने सूज वाढते आणि पुढे कातडी जाड व काळसर होते. येथे खाज ही महत्त्वाची खूण होय. डोळ्याखालचा काळेपणा आणि डोळ्याखालची पिशवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. एकावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही.

कचेरीतील तरुणाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या डोळ्याखाली पाणी साठलेले नसते. मेदाची गादी किंचित पुढे आलेली असते. उतारवयात पडदा सैल झाल्यामुळे असे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु काही घराण्यांत हा पडदा जन्मतःच नाजूक असतो किंवा गालाचे हाड जरा मागे असते, आणि मग विशीतच पिशव्या दिसू लागतात. अशा तरुणाच्या वडिलांचा किंवा मावशीचा जुना फोटो काढून पाहिला, तर बहुधा तेच डोळे तेथे आढळतात. याची एक घरगुती परीक्षा आहे. आरशासमोर बसून मान न हलवता दृष्टी वर करावी. पिशवी मेदाची असेल तर ती अधिकच ठळक होते. पाण्याची असेल तर तीत फारसा फरक पडत नाही. मेदाची पिशवी सकाळी आणि संध्याकाळी जवळजवळ सारखीच राहते.

आता त्या मुलीकडे वळू. मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि त्यातील प्रथिने मात्र राखून ठेवतात. काही विकारांत ही गाळणी बिघडते आणि प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. रक्तातील प्रथिने घटली की रक्तवाहिन्यांतील पाणी ऊतींत झिरपते, शिवाय मूत्रपिंडे मीठही धरून ठेवतात. त्याची पहिली खूण सकाळी डोळ्यांभोवती दिसते. दुपारी ती कमी होते आणि संध्याकाळी पावले सुजतात, म्हणून जागरणाचा समज आणखीच पक्का होतो. लघवीला फार फेस येणे, अंगठी किंवा चप्पल घट्ट होणे, वजन एकाएकी वाढणे, ही त्याची पुढची लक्षणे होत.

शाळकरी वयातील मुलांत आणखी एक विकार आढळतो. एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखला, तर त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, किंवा खरजेचे फोड चिघळले, तर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येते. मुलाचे तोंड सुजते, लघवी कमी होते आणि तिचा रंग काळ्या चहासारखा होतो. रक्तदाब वाढतो, आणि तो फारच वाढला तर झटकेही येऊ शकतात. जेथे एका खोलीत अनेक मुले शेजारी शेजारी निजतात तेथे खरूज झपाट्याने पसरते. आदिलाबाद जिल्ह्यात आश्रमशाळा आणि वसतिगृहे पुष्कळ आहेत. त्यामुळे ही गोष्ट येथील शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. वेळीच ओळखले तर विश्रांती, मिठाचा संयम आणि रक्तदाबावरील औषधे यांनी बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

याशिवाय थायरॉइड ग्रंथी मंदावली, तरी चेहरा आणि पापण्या फुगतात. मग माणूस सुस्त होतो, त्याला थंडी सोसत नाही, आवाज घोगरा होतो. तीव्र पांडुरोगात आणि कुपोषणातही सूज येते. या जिल्ह्यातील गोंड, कोलाम इत्यादी समाजांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तो ज्याला आहे त्याच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा मुलाची सूज कधीही क्षुल्लक मानू नये.

हे सारे ओळखण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लघवीतील प्रथिनांची तपासणी एका रंगीत कागदी पट्टीने काही मिनिटांत होते. गरोदर स्त्रियांची हीच तपासणी नेहमी केली जाते, त्यामुळे ती सरकारी आरोग्य केंद्रांच्या परिचयाची आहे. तिच्या जोडीला रक्तदाब मोजला आणि हिमोग्लोबिन पाहिले, की पुढे जावयाचे की नाही हे ठरते. पुढील तपासणीसाठी आदिलाबाद शहरात राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या रिम्सचे, रुग्णालय आहे.

परंतु पुष्कळ तरुण दवाखान्याऐवजी आधी दुकानाची वाट धरतात. आरशात चेहरा मलूल दिसला की मलम आणले जाते, आणि येथेच सर्वांत विपरीत प्रकार घडतो. रंग उजळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत जातो. कापसाच्या व्यापारामुळे आदिलाबादकरांना अकोल्याचे नाव परके नाही. त्या अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघांना मूत्रपिंडांचा विकार जडल्याची हकीकत २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आली होती. तिघांच्या वापरात एकच क्रीम होते, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत त्यात पारा आढळला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडांच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळणारी क्रीम वापरीत होते. क्रीम थांबविल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला. म्हणजे चेहरा सुधारण्यासाठी लावलेले क्रीमच डोळ्याखाली सूज आणू शकते. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममधील पाऱ्याला दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा घातली. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादीच नाही, तिला हे नियम कसे आवरणार? अशी डबी घरात आणू नये, हेच उत्तम.

स्टेरॉइडयुक्त मलमांचाही मोह टाळावा. ती काही दिवस गुण देतात, पण पापणीची आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ करतात. दीर्घकाळ डोळ्यांजवळ लावल्यास नेत्रदाब वाढणे आणि मोतीबिंदू होणे असेही परिणाम संभवतात.

मग खरे उपाय कोणते? पाण्याच्या सुजेवर उपाय साधे आहेत. थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावा. बर्फ थेट लावू नये. काकडीच्या चकतीचा गुण मुख्यतः तिच्या थंडपणात आहे. उशी थोडी उंच घ्यावी. रात्रीचे खारट पदार्थ कमी करावेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप हवी. वावडे असेल तर डोळे चोळणे सोडावे, जिनिंगमधून किंवा शेतातून आल्यावर तोंड धुवावे, पांघरुणे उन्हात टाकावीत आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. धूम्रपान सोडल्यास त्वचेचा कस टिकतो.

मेदाच्या पिशव्या मात्र मलमाने, मालिशीने किंवा व्यायामाने जात नाहीत. त्यांच्यावर शस्त्रक्रिया हाच टिकाऊ उपाय आहे. तरुण वयात त्वचा ताठ असल्याने पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन जादा मेद काढता येतो किंवा खोलगट जागी सरकवता येतो. बाहेर व्रण दिसत नाही. काही ठिकाणी डोळ्याखालचा खळगा भरण्यासाठी इंजेक्शन देतात, परंतु ते रक्तवाहिनीत गेल्यास क्वचित दृष्टीही गमवावी लागते. शस्त्रक्रियेतही रक्तस्राव किंवा पापणी खाली ओढली जाणे हे धोके असतात. म्हणून यातील काहीही करावयाचे झाल्यास ते सौंदर्यगृहात न करता पापण्यांच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाकडेच करावे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी असे तज्ज्ञ आहेत. मात्र ज्या पिशवीपासून काही अपाय नाही तिच्यासाठी कर्ज काढण्याची घाई तरुणाने करू नये. वडिलांचे डोळे वारशाने मिळाले, यात लाजण्यासारखे काय आहे?

काही खुणा दिसताच मात्र एक दिवसही थांबू नये. एकाच डोळ्याला लाल, गरम, दुखरी सूज व ताप. डोळा पुढे येणे किंवा एकाचे दोन दिसणे. सुजेबरोबर ओठ फुगणे व श्वास लागणे. लघवी कमी किंवा काळसर होणे. सुजेसोबत तीव्र डोकेदुखी, या त्या खुणा होत.

बाजारातून परतलेला मुलगा घरी जाऊन स्वस्थ झोपेल आणि उद्या ताजा होऊन उठेल. कचेरीतील तरुण आपल्या घराण्याचे डोळे घेऊन सुखाने काम करील. वर्गातील ती मुलगी मात्र स्वतः होऊन काही सांगणार नाही. सलग तीन सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले, तर "अभ्यास फार करतेस" असे म्हणण्यापूर्वी तिच्या बाईंनी तिला जवळ बोलवावे, पाय सुजतात का, लघवीला फेस येतो का, चेहऱ्याला काय लावतेस, असे तीन प्रश्न विचारावेत आणि आरोग्य केंद्रात तिची लघवी तपासून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही तर एक सकाळ गेली एवढेच. निघाले तर वेळेवर निघाले.