फोडाफोडीचे न लिहिलेले नियम : दुसऱ्या गिल्डचा खेळाडू घ्यायचा तर आधी कोण बोलणार?

समजा, २००७ साल आहे आणि तुम्ही ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या एका मध्यम गिल्डचे प्रमुख आहात. (गिल्ड म्हणजे एका नावाखाली नेमानं एकत्र खेळणाऱ्यांचा गट. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी क्लॅन म्हटलं तरी चालेल.) जानेवारीत ‘द बर्निंग क्रुसेड’ आलंय, आणि मोठ्या मोहिमा, म्हणजे रेड, ४० ऐवजी २५ जणांच्या झाल्या आहेत. रात्री आठला रेड आहे आणि एक हीलर कमी पडतोय. हीलर नाही तर बाकीचे मरणार, म्हणजे चोवीस जणांची संध्याकाळ फुकट. त्याच सर्व्हरवरच्या प्रतिस्पर्धी गिल्डमध्ये एक उत्तम हीलर आहे. कालच एका छोट्या मोहिमेत तुमच्यासोबत खेळून गेली. तिला खासगी निरोप, त्या खेळाच्या भाषेत ‘व्हिस्पर’, टाकायचा आणि विचारायचं, ‘आमच्याकडे येतेस का?’ एवढंच करायचंय. सॉफ्टवेअर अडवत नाही, कंपनीही शिक्षा करत नाही.

तरी हात अडतो. रेड करणाऱ्यांच्या जगात हे वाईट समजलं जायचं. इंग्रजीत त्याला पोचिंग म्हणतात, म्हणजे चोरटी शिकार. आपल्याकडे फोडाफोडी हा शब्द तयारच आहे. बातम्यांनी तो इतका वापरलाय की वेगळा समजावून सांगायला नको.

संशोधनाला लागणाऱ्या तुमच्यासारख्यांना मला दाखवायचंय ते हे की, कुठेही न लिहिलेला नियम अभ्यासाचा विषय कसा होतो, आणि त्यात आपली फसगत कुठे होते.

आधी नुकसान कुणाचं होतं ते बघू. रेडमध्ये राक्षस मारला की त्याच्याकडून चिलखत, शस्त्रं मिळतात. ती ज्याला दिली त्याच्या पात्राला कायमची चिकटतात, ‘सोलबाउंड’ होतात. विकता येत नाहीत, परत देता येत नाहीत. शिवाय त्या काळात काही रेडच्या दारातून आत जायलाच प्रत्येकाला लांबलचक अटी पुऱ्या कराव्या लागत. त्याला अट्यूनमेंट म्हणत, आणि त्यासाठीही गिल्डमधल्या इतरांची मदत लागे. म्हणजे नवा हीलर तयार करायचा तर कित्येक लोकांच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडणार. आणि तो निघाला की सगळी गुंतवणूक अंगावर घालून निघाला!

अर्थशास्त्र शिकलेल्यांना इथे गॅरी बेकर आठवेल. १९६४च्या ‘ह्यूमन कॅपिटल’मध्ये त्यानं सर्वसाधारण आणि विशिष्ट कौशल्यात फरक केला. जे शिक्षण कुठल्याही मालकाकडे उपयोगी पडतं त्याचा खर्च मालक सहसा उचलणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. चिलखत आणि अट्यूनमेंट हा ‘सर्वसाधारण’ माल, कुठल्याही गिल्डमध्ये चालणारा. याउलट डीकेपी बघा. हे लूट वाटण्यासाठीचे गुण. पद्धत ‘एव्हरक्वेस्ट’ या आधीच्या खेळातल्या गिल्डनी सुरू केली आणि वॉरक्राफ्टमध्ये ती रुजली. हजेरी लावली की गुण जमतात, वस्तू घेतली की कमी होतात. पण गिल्ड सोडलं की ते शून्य, दुसरीकडे त्यांना कवडीची किंमत नाही. डीकेपी लूट न्याय्यपणे वाटायला होतेच, पण माणूस बांधून ठेवायलाही होते. माझ्या मते हा दुसरा उपयोग जास्त अभ्यासण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष शिष्टाचार. तो ‘दुसऱ्याचा खेळाडू घेऊ नये’ असा नव्हताच. खेळाडू सतत इकडून तिकडे जात होते आणि त्यांना घेणारेही होते. शिष्टाचार होता तो पहिलं वाक्य कोणी बोलायचं याचा. ‘आम्हाला हीलर हवाय’ अशी जाहीर आरोळी सगळ्यांना दिसेल अशा चॅनेलवर द्या, काही हरकत नाही. तीच गोष्ट नावाखाली दुसऱ्या गिल्डचं नाव झळकणाऱ्या एका व्यक्तीला खासगीत बोललात तर फोडाफोडी. ती स्वतःहून आली, तर शहाणा प्रमुख विचारणार, ‘तुझ्या प्रमुखाला सांगितलंस का?’ काही जण पुढे जाऊन समोरच्या प्रमुखालाच निरोप टाकत, की तुमची अमुक आमच्याकडे अर्ज घेऊन आली आहे, काही भांडण वगैरे नाही ना? दुसऱ्याच्या रेडमध्ये पाहुणा म्हणून गेला असाल तर तिथे माणसं हेरणं फारच वाईट. जेवायला बोलावलेल्या घरचा आचारी पळवण्यातला प्रकार. खऱ्या आयुष्यातल्या मित्राला मात्र सूट. आणि ‘कधी बदलावंसं वाटलं तर आमचं दार उघडं आहे’ हे वाक्य? त्यावर रात्र रात्र वाद घालता येतो.

लक्षात घ्या, शेवट दोन्हीकडे एकच: हीलर या गिल्डमधून त्या गिल्डमध्ये गेली. नियम फक्त क्रमाला आहे. म्हणून नुसती ये-जा मोजून हा नियम दिसत नाही.

हे मोजमापाचं उदाहरणच घेऊ. निकोला ड्यूशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६च्या ‘अलोन टुगेदर?’ या निबंधासाठी आणि पुढच्या वर्षीच्या गिल्डवरच्या निबंधासाठी खेळाचीच ‘हू’ ही आज्ञा दर काही मिनिटांनी चालवून कोण ऑनलाइन आहे, कुठल्या गिल्डमध्ये आहे, याची नोंद गोळा केली. पद्धत सुरेख आहे, मूळ निबंध जरूर वाचा. गिल्ड कशी वाढतात, कशी मोडतात हे त्यातून कळतं. पण अशा नोंदीत काय येतं? काल नावाखाली एक गिल्ड होतं, आज दुसरं आहे. आधी कोण बोललं हे त्यात येऊच शकत नाही. तुमचा प्रश्न शिष्टाचाराचा असेल आणि विदा अशी असेल, तर कितीही मोठी असो, प्रश्न तिच्याबाहेरच राहतो.

मग मुलाखती घ्यायच्या. पण ‘फोडाफोडी योग्य की अयोग्य?’ असं विचारलंत तर सगळे ‘अयोग्य’ म्हणतील आणि तुमची दुपार वाया जाईल. इथे रॉबर्ट एलिक्सनचं ‘ऑर्डर विदाऊट लॉ’ (१९९१) उपयोगी पडतं. कॅलिफोर्नियाच्या शास्ता काउंटीत एकाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली तर काय होतं, हे त्यानं पाहिलं. लोक कायद्याकडे जात नव्हते, पुष्कळांना कायदा नीट माहीतही नव्हता. शेजारधर्माचा हिशेब चाले, आणि न ऐकणाऱ्याची आधी गावभर बदनामी होई. त्याचा रोख ‘नियम काय आहे’ यापेक्षा ‘घडल्यावर काय झालं’ यावर होता. तुम्हीही तसंच विचारा. शेवटचा खेळाडू गेला तेव्हा तुम्हाला कसं कळलं? कोणाला राग आला? नंतर त्या गिल्डसोबत खेळणं बंद केलंत का? नियम मोडल्यावर कोण ओरडतं, त्यावरून नियम कोणाचा आहे तेही कळतं.

आणि इथेच गोष्ट अवघड होते. ओरडतं कोण? प्रमुख. जिला निरोप आला त्या हीलरला कदाचित बरंच वाटलं असेल. आपल्याला बाहेर किती मागणी आहे हे तिला यापूर्वी कोणी सांगितलंच नव्हतं. सर्व्हरवरच्या अव्वल गिल्डला हा नियम पाळणं स्वस्त असतं, त्यांच्याकडे अर्ज आपोआप येतात. मधल्या गिल्डना तो महाग, आणि खालच्यांना तर खेळाडू तयार करून वर पाठवण्याचंच काम.

हाच नियम गिल्डच्या जगाबाहेर नेऊन बघा. २०१०मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्युइट आणि पिक्सार यांच्यावर खटला भरला होता, आणि त्याच वेळी तडजोडही केली. एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना स्वतःहून फोन करायचा नाही, असे समझोते या कंपन्यांनी आपसांत केले होते. कर्मचाऱ्यांनी लावलेल्या वेगळ्या खटल्यात २०१५मध्ये चार कंपन्यांची ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. ‘स्वतःहून संपर्क करायचा नाही’ हे वाक्य गिल्डमध्ये सभ्यपणा, आणि सिलिकॉन व्हॅलीत स्पर्धा कायद्याचा भंग! फरक कशात? पगार हे सोपं उत्तर आहे. गिल्ड पगार देत नाही, तेव्हा कोणाचा पगार दाबला जात नाही. पण मानाची जागा, चांगली लूट, कोणत्या वेळी खेळायचं याचा शब्द, हेही मोबदलेच की. ते दाबले जातात का? या प्रश्नावर एक अख्खा प्रबंध उभा राहू शकतो. मार्गदर्शक शोधत असाल तर घेऊन जा.

व्यावसायिक ई-स्पोर्ट्समध्ये तर शिष्टाचाराचं कलमच झालं. रायट गेम्सच्या ‘लीग ऑफ लेजेंड्स’ लीगच्या नियमांत करारबद्ध खेळाडूला दुसऱ्या संघानं थेट आमिष दाखवायला मनाई आहे, विचारणा संघाच्या व्यवस्थापनाकडे करायची. पहिलं वाक्य कोणी बोलायचं, हाच मुद्दा, फक्त आता मागे दंड आहे. आपल्याकडच्या बीजीएमआयच्या हौशी चौघांच्या संघाकडे करार नसतो, आणि चौघांतला एक गेला तर पाव संघ गेला. तिथे हा शिष्टाचार कसा चालतो हे मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

वॉरक्राफ्टमध्ये पुढे काय झालं? बदनामीची शिक्षा चालते ती गाव लहान असेपर्यंत. २००६मध्ये पैसे भरून दुसऱ्या सर्व्हरवर पात्र नेण्याची सोय झाली, पुढे नावही बदलता येऊ लागलं, आणि डिसेंबर २००९पासून वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांचे गट खेळच जुळवून देऊ लागला. यामुळे शिष्टाचार सैल झाला, असं म्हणण्याचा मोह होतो. मलाही तसं वाटतं. पण त्याच काळात अट्यूनमेंटच्या अटीही काढल्या गेल्या, म्हणजे नवा खेळाडू तयार करण्याचा खर्चही उतरला. दोन कारणं एकदम हलली की एकाच्या गळ्यात निकाल घालता येत नाही. प्रस्तावाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल, तयारीत राहा.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मुलाखतीत लोक उत्साहानं जुन्या व्हिस्परचे स्क्रीनशॉट दाखवतात. ‘बघा, यानं मला असा निरोप टाकला होता.’ दाखवणाऱ्याची संमती तुमच्याकडे आहे, पण निरोप लिहिणाऱ्याची नाही. पात्राचं नाव झाकून भागत नाही, लहान सर्व्हरवर तारीख आणि गिल्ड एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. नैतिकता समितीच्या अर्जात यासाठी वेगळा परिच्छेद लिहा, आणि तो विदा गोळा करायच्या आधी लिहा.