मशीनला रंग दिसत नाही! घरच्या घरी कपडे वेगळे कसे करायचे आणि कसे धुवायचे?

गेल्या उन्हाळ्यात आई आठ दिवस मामाकडे गेली आणि घरचं धुणं माझ्याकडे आलं. आष्ट्यातल्या आमच्या घरी टॉप लोड मशीन आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरात ‘फझी लॉजिक’ असं लिहिलंय. मला वाटलं, मशीन हुशार आहे, आपण फक्त बटण दाबायचं. सगळे कपडे एकदमच टाकले. तासाभराने झाकण उघडलं तर आण्णांचं, म्हणजे आजोबांचं, पांढरं धोतर गुलाबी झालेलं! माझ्या नव्या लाल टी-शर्टचा रंग सुटला होता आणि आण्णांना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं.

घाबरून आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, “अरे, मशीनला काय डोळं हाईत व्हय?”

खरं सांगतो, मशीनबद्दल एवढं अचूक मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चला, नीट समजून घेऊया.

मशीनला नेमकं काय कळतं?

फझी लॉजिक म्हणजे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं न ठरवता ‘थोडं’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असा अंदाज बांधून निर्णय घेण्याची पद्धत. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९० च्या सुमारास जपानी कंपन्यांनी ती वॉशिंग मशीनमध्ये आणली.

बटण दाबल्यावर पाणी भरण्याआधी मशीन काही सेकंद गरगर फिरून थांबतं, हे तुम्ही बघितलं असेल. तेव्हा मोटरला किती जोर लागतो यावरून ते कपड्यांच्या वजनाचा अंदाज घेतं आणि पाणी किती घ्यायचं ते ठरवतं. म्हणूनच आधीच भिजवलेले कपडे टाकले की त्याचा अंदाज चुकतो आणि ते गरजेपेक्षा जास्त पाणी भरतं.

काही मशीनमध्ये पाणी किती गढूळ झालंय हे बघणारा सेन्सर असतो. काही नवी ‘एआय’ मशीन मोटरच्या हालचालीवरून कापड मऊ आहे की जाड याचा अंदाज घेतात. पण तुमच्या नव्या टी-शर्टचा रंग सुटेल का, हे मशीनला कळत नाही. ते काम आपलंच.

लेबल वाचायला फोन वापरा

कपड्याच्या आत, कॉलरला किंवा बाजूच्या शिलाईत एक छोटं लेबल असतं. त्यावरची चिन्हं मुळात पाचच आहेत:

- पाण्याचा टब: धुणं. आतला आकडा म्हणजे जास्तीत जास्त तापमान. टबात हात दिसला तर हातानेच धुवा. टबाखाली एक रेघ असेल तर मशीन हलक्या सायकलवर, दोन रेघा असतील तर आणखी हलक्या सायकलवर लावा.
- त्रिकोण: ब्लीच.
- चौकोन: वाळवणं. चौकोनात गोल असेल तर ते ड्रायर मशीनबद्दल आहे.
- इस्त्री: जितके ठिपके जास्त, तितकी इस्त्री गरम चालते.
- नुसता गोल: ड्राय क्लीनिंगवाल्यासाठीची सूचना.

यातल्या कुठल्याही चिन्हावर फुली असेल तर ती गोष्ट करायची नाही.

चिन्ह ओळखता आलं नाही तर उजेडात लेबलचा जवळून फोटो काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. आयफोनवर आयओएस १७ पासून फोटो ॲपलाच अशी चिन्हं ओळखता येतात. फोटोखालचं माहितीचं बटण दाबून बघा. पण लेबल चुरगळलेलं किंवा पुसट असेल तर फोन चुकतो, म्हणून वरची पाच चिन्हं एकदा पाठच करून टाका.

चार ढीग करा

१. पांढरे: शाळेचा शर्ट, धोतर, टोपी, बनियन.
२. फिके आणि रोजचे रंगीत.
३. गडद आणि नवे: जीन्स, काळे, लाल, निळे. जीन्स आणि टी-शर्ट उलटे करून टाका, रंग कमी विटतो.
४. वेगळे धुवायचे: रेशीम, लोकर, जरीकाम. हे मशीनपासून लांबच ठेवा.

शेतातले चिखलाचे कपडे पाचवा ढीग समजा. ते आधी झटकून साध्या पाण्यातून काढा, नाहीतर माती सगळ्या कपड्यांना लागते.

नवा कपडा रंग सोडतो का, हे बघायची सोपी युक्ती आहे. आतल्या शिलाईचा कोपरा साबणाच्या पाण्याने ओला करा आणि पांढऱ्या कापडात दोन मिनिटं दाबून धरा. कापडाला रंग लागला तर तो कपडा पहिले काही वेळा एकटाच धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, या समजावर विसंबू नका.

टाकण्याआधी सगळे खिसे तपासा. सुटे पैसे, इअरबड, पेन ड्राइव्ह आणि हो, फोनसुद्धा! चेन आणि हुक लावून घ्या.

मशीनवर ‘७ किलो’ लिहिलेलं असतं ते कोरड्या सुती कपड्यांचं वजन. ‘क्विक वॉश’ला त्याहून बरेच कमी कपडे टाकायचे असतात. ड्रम साधारण पाऊण भरला की थांबा. कपड्यांना फिरायला जागाच नसेल तर मळ निघत नाही आणि पावडर कपड्यातच राहते.

हळदीचा डाग लाल का होतो?

सांगली जिल्ह्यात राहायचं आणि कपड्याला हळद लागू द्यायची नाही, हे अवघडच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शर्टाला लागल्यावर ते आठवत नाही.

डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि आपण घाबरतो. यामागे साधी केमिस्ट्री आहे. हळदीत कर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लालसर होतं. कपड्याचा साबण अल्कलीच असतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणजे डाग वाढलेला नाही, त्याने फक्त रंग बदललाय. साबण पूर्ण निघाला की तो परत पिवळा दिसतो.

मग घालवायचा कसा? साबणाने धुवा, भरपूर पाण्यातून काढा आणि पांढरा कपडा कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिन उजेडात तुटतं, त्यामुळे डाग फिका पडत जातो. एका उन्हात गेला नाही तर परत धुवून परत उन्हात टाका.

एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. रेशमाला आणि लोकरीला असलं ब्लीच लावूच नका.

पाणीही बघा

कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना आहे आणि बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड असतं. शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन पाणी’ ते हेच. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात, मग फेस होत नाही, पांढरा चोथा तयार होतो आणि पांढरे कपडे राखाडी दिसायला लागतात.

तपासायचं कसं? दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत बोअरचं पाणी आणि दुसरीत आरओचं. दोन्हीत वडीच्या साबणाचा सारखाच किस टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस फारच कमी आला तर पाणी जड आहे. अशा पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट पावडर चांगली चालते, मात्र ती थोडी जास्त लागते. टीडीएस मीटर सगळ्याच क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यावरून पाण्याचा जडपणा नेमका कळत नाही. आणि फोनच्या कॅमेऱ्याने टीडीएस मोजणारं ॲप कुणी दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, फोनमध्ये तसला सेन्सरच नसतो.

आणि धोतराचं काय झालं?

आईने फोनवरच सांगितलं, “वाळवू नगंस, ओलं हाय तवरच परत धू.” हा सल्ला कुठल्याही सुटलेल्या रंगाला लागू आहे. रंग कापडात वाळला की निघायला जड जातो. मी धोतर एकटंच कोमट पाण्यात पावडर घालून दोनदा धुतलं आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी छटा जवळजवळ गेली. आण्णा तेच नेसून लग्नाला गेले.

आई परत आली तेव्हा मशीनशेजारी चार बादल्या मांडलेल्या होत्या. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून रविवारचं धुणं माझ्याकडेच आहे. तुम्हीही आज घरातल्या पाच कपड्यांची लेबलं बघा. आजवर चुकीचं धुतलेलं त्यातलं एखादं तरी निघेलच.