बंगळूरची कॉफीची दुकाने आणि एका पेल्याचा हिशोब

अकरावीच्या म्हैसूर-बंगळूर सहलीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर पालकसभेत एक प्रश्न आला. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तोच निघाला. विश्वेश्वरय्या संग्रहालय समजले, लालबाग समजली, पण एक अख्खी सकाळ कॉफीच्या दुकानांसाठी कशाला? मुले आधीच मोबाईल आणि कॅफे यांत गुंतलेली. शाळेने त्यात भर का घालावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तोंडी दोन मिनिटांत देण्यासारखे नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत. आपल्या इंदूरची कितीतरी मुले शिक्षण-नोकरीसाठी बंगळूरला जातात. तेथे ती कॉफी पिणारच. मग त्या पेल्यात काय असते, कोणाच्या हातून आलेले असते आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे, एवढे तरी त्यांना कळावे असे आम्हांला वाटते.

बंगळूरच का, हे आधी सांगितले पाहिजे. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते, मुख्यतः चिकमगळूर, कोडगू आणि हासन या तीन जिल्ह्यांत. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडची कॉफी उघड्या शेतात नव्हे, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. (महाराष्ट्रात कॉफी कोठे होते, असे सामान्यज्ञानाच्या तासाला विचारले तर वर्ग गप्प बसतो. उत्तर आहे चिखलदरा, जिल्हा अमरावती.) मळे इतके जवळ असल्यामुळे कॉफी ही बंगळूरच्या घराघरातली वस्तू झाली. शहाजीराजांची जहागीर म्हणून आपण या शहराचे नाव इतिहासात वाचतो. आजचे बंगळूर समजून घ्यायचे तर कॉफीच्या दुकानाच्या दारातून आत शिरणे हाही एक चांगला मार्ग आहे.

जुन्या दुकानांपासून सुरुवात करू. लालबागेजवळचे मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले एमटीआर, १९२४ साली मय्या बंधूंनी सुरू केले, तेव्हा त्याचे नाव ब्राह्मण कॉफी क्लब असे होते. बसवनगुडीतील गांधी बाजारात १९४३ सालचे विद्यार्थी भवन आहे. त्या भागातील विद्यार्थ्यांसाठी निघालेले म्हणून हे नाव. डोसा खायला आज सगळे शहर तेथे रांग लावते, नाव मात्र विद्यार्थ्यांचेच राहिले. शंकरपुरममधील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ पासून चालू आहे. तेथील यादी चार-सहा पदार्थांची आहे. इडली-वड्याबरोबर चटणी मिळते, सांबार नाही. बसायची सोय नाही. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून खातात, कॉफी पितात आणि कामाला जातात. दुकान चालवायला मोठी यादी आणि मऊ खुर्च्या लागतातच असे नाही, हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी तेथे उभे राहून बघावे. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते लवकर समजते.

या दुकानांतली कॉफी फिल्टरची. दोन मजली डब्याच्या वरच्या भागाला तळाशी बारीक छिद्रे असतात; त्यात पूड घालून वर उकळते पाणी ओततात, आणि खालच्या डब्यात थेंब थेंब दाट अर्क उतरतो. याला तेथे डिकॉक्शन म्हणतात. त्यात गरम दूध आणि साखर घालून पेला व वाटीसारखा दवरा यांत वरून खाली ओतले की फेस येतो. एक कॉफी दोघांत घ्यायची असेल तर ‘बाय-टू’ असे सांगायचे. वेटर न कुरकुरता दोन पेले आणतो. ही पद्धत आम्हांला फार आवडते. खिशात कमी पैसे असलेल्या विद्यार्थ्यालाही तेथे मित्राला कॉफी पाजता येते.

चर्च स्ट्रीटवरच्या इंडिया कॉफी हाउसची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मुलांनी ती नीट ऐकावी. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले. पुढे कॉफी बोर्डाच्या हाती देशभर सुमारे पन्नास कॉफी हाउसे झाली. १९५०च्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने धोरण बदलले आणि ती बंद करायचे ठरवले. वाढपी, स्वयंपाकी, भांडी घासणारे असे सगळे रस्त्यावर येणार होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने कामगारांनी लढा दिला आणि कॉफी हाउसे स्वतःच्या सहकारी संस्थांकडे मागून घेतली. १९ ऑगस्ट १९५७ रोजी अशी संस्था बंगळूरमध्येच सुरू झाली. पुढे आणखी संस्था निघाल्या. मध्य प्रदेशातील कॉफी हाउसे जबलपूरच्या संस्थेची आहेत. म्हणजे आपण इंदूरमध्ये ज्या कॉफी हाउसात कटलेट खातो, तेथे पंख्यासारखा तुरा असलेला फेटा घालून वाढणारा माणूस नोकर आणि मालक दोन्ही असतो. बंगळूरचे कॉफी हाउस पूर्वी महात्मा गांधी रस्त्यावर होते. २००९ साली ती जागा सोडावी लागली, तेव्हा ते चर्च स्ट्रीटवर गेले.

आता नव्या दुकानांकडे वळू. मुलांना ओढ असते ती यांची, आणि पालकांना धास्तीही यांचीच. ही ‘स्पेशालिटी कॉफी’ आताच कोठून आली? याचे कारण कायद्यात आहे. १९४२च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्याने आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायची असे. बोर्ड प्रतवारी करून लिलाव करी आणि पैसे हप्त्याहप्त्याने देई. युद्धकाळात भाव कोसळले असताना या व्यवस्थेने मळे वाचवले, हे मान्य केले पाहिजे. पण जपून, निवडून कॉफी पिकवणाऱ्याचा माल आणि शेजारच्याचा सुमार माल एकाच ढिगात जाई. चांगले पिकवण्याचे बक्षीस फारसे नव्हते, आणि पिणाऱ्याला आपली कॉफी कोणत्या डोंगरावरची हे कळण्याचा मार्ग नव्हता. १९९०च्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली, आणि १९९६ पर्यंत मळेवाल्याला आपला माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच १९९६ साली ब्रिगेड रोडवर पहिले कॅफे कॉफी डे उघडले, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्याचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ हे चिकमगळूरच्या मळेवाल्या घराण्यातले होते.

स्पेशालिटी हा शब्द दुकानदाराने हवा तसा वापरायचा नसतो. प्रशिक्षित चाखणारे कॉफीचा वास, चव, आंबटपणा, तोंडात मागे राहणारी चव हे सारे तपासून १०० पैकी गुण देतात. कित्येक वर्षे रूढ असलेल्या या पद्धतीत ८० किंवा अधिक गुण मिळाले तरच ती स्पेशालिटी. आपल्या परीक्षेपेक्षा हा निकष कडकच म्हणावा लागेल! गुण मिळवण्याचे काम मळ्यावर सुरू होते. एका फांदीवरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे लाल झालेली तेवढीच तोडायला मजुरांना, त्यांत स्त्रियाच पुष्कळ, त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. मग कोणी फळाचा गर काढून बी धुऊन वाळवतो, तिची चव स्वच्छ आणि किंचित आंबूस लागते. कोणी फळासकट वाळवतो, तिला फळाचा गोडवा येतो. मलबार किनाऱ्यावर तर कॉफी मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवतात. ‘मॉन्सून्ड मलबार’ हे तिचे नाव. जुन्या काळी जहाजातून युरोपला जाताना दमट हवेने कॉफीची चव बदलत असे आणि तिकडच्या लोकांना तीच आवडू लागली होती. जहाजे वेगवान झाली तशी ती चव किनाऱ्यावरच तयार करावी लागली.

बंगळूरमध्ये अशी दुकाने आता पुष्कळ आहेत. थर्ड वेव्ह कॉफी २०१६ साली याच शहरात सुरू झाली. इंदिरानगरात २०२१ साली अराकू कॉफीचे दुकान उघडले. अराकू हे आंध्र प्रदेशातील पूर्व घाटाचे खोरे, आणि तेथील कॉफी पिकवणारे आदिवासी शेतकरी आहेत. त्यांच्याबरोबर हैदराबादच्या नांदी फाउंडेशनने काम केले आणि २०१७ साली या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये निघाले. २०१९ साली अराकू, कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि वायनाड येथील कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले, जसे नागपूरच्या संत्र्याला आहे.

दुकान चांगले की नुसते चकचकीत, हे ओळखायला पाकीट उलटून पाहावे. मळ्याचे किंवा प्रदेशाचे नाव, कॉफीची जात, बी कशी वाळवली आणि ती भाजल्याची तारीख या गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. यांतली तारीख आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. भाजलेली कॉफी काही आठवड्यांत वास गमावते, आणि केवळ ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरा’ असे छापून हे झाकता येते. काउंटरमागच्या मुलाला विचारावे. तो आनंदाने सांगू लागला तर दुकान बरे. गडबडला तर आपण भिंतीवरच्या चित्रांचे पैसे देत आहोत असे समजावे.

पैशांचा हिशोब मुलांनी स्वतः करावा. अशा दुकानात २५० ग्रॅमचे पाकीट ५०० रुपयांना मिळते असे धरू. एका पेल्याला साधारण १८ ग्रॅम पूड लागते, म्हणजे पाकिटात तेरा-चौदा पेले, आणि पेल्यामागे कॉफी ३६ रुपयांची. पेल्याची किंमत २२० असेल तर उरलेले १८४ रुपये भाडे, दूध, यंत्र, वीज, पगार, कर आणि नफा यांत गेले. ते ३६ रुपयेही सगळे मळ्यावर पोचत नाहीत, कारण भाजणारा, वाहतूकदार आणि पाकीट करणारा यांचा वाटा त्यातच आहे. मळ्यावर साधारण सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो कच्ची बी निघते आणि भाजताना तिचेही वजन घटते, हे लक्षात ठेवून शेतकऱ्याच्या वाट्याचा अंदाज बांधावा. २२० रुपये महाग की स्वस्त, हे आम्ही सांगणार नाही. चार मित्र तीन तास बसणार असतील तर ते भाडेच आहे. केवळ कॉफी हवी असेल तर ब्राह्मिन्ससमोर उभे राहावे, किंवा पाकीट घरी आणावे.

घरी आणताना एक सावधगिरी हवी. फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी असते. ही एका झाडाची भाजलेली मुळी आहे. तिच्यात कॅफिन नसते, पण रंग आणि दाटपणा येतो, आणि ती कॉफीपेक्षा स्वस्त असते. चिकोरी घालणे ही फसवणूक नव्हे, कित्येकांना तीच चव आवडते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. म्हणजे एका पाकिटात २० टक्के चिकोरी आणि दुसऱ्यात ४९ टक्के, दोन्ही नियमात बसतात. भाव जुळवण्याआधी हा आकडा वाचावा.

मुलांच्या तब्येतीविषयी पालकांनी विचारले ते योग्यच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेप्रमाणे १५० मिलिलीटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे, पण तो आकडा मोठ्यांसाठी समजावा. वाढत्या वयात त्याहून पुष्कळ कमी हवे, आणि लहान वर्गांतल्या मुलांना कॉफी देऊच नये. जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्याने अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. किशोरवयीन मुलींच्या मातांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. परीक्षेच्या दिवसांत रात्री कॉफी पिऊन जागणाऱ्यांना एक आकडा सांगतो. कॅफिन रक्तातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतले निम्मे कॅफिन रात्री अकराला अंगात शिल्लकच असते. सहलीत मुलांना प्रत्येक दुकानात घोटभर चव मिळेल, पूर्ण पेला दिवसातून एकच. ज्या पालकांना तेवढेही नको असेल त्यांनी संमतिपत्रावर लिहून द्यावे, त्या मुलांसाठी हळदीचे किंवा बदामाचे दूध मागवू.

ज्यांना सहलीला यायचे नाही त्यांनी घरी करून पाहावे. स्टीलचा फिल्टर सराफ्याजवळच्या भांड्यांच्या दुकानांत विचारल्यास मिळू शकेल. वरच्या डब्यात तीन मोठे चमचे पूड घालून चकतीने हलकेच दाबावी, फार दाबली तर पाणी उतरत नाही. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून सावकाश ओतावे, झाकण लावावे आणि पंधरा-वीस मिनिटे फिल्टरला हात लावू नये. एक भाग अर्क आणि तीन भाग गरम दूध हे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. अर्क पुन्हा उकळू नये, कडू होतो. उरलेला चोथा थोडा थोडा करून गुलाबाच्या कुंडीत मातीत मिसळावा.