पावगडा सौर उद्यान : भाडेपट्ट्याच्या प्रारूपाचे स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

विजेची वाढती गरज भागविताना कोळशावरील अवलंबन कमी करणे हे विकसनशील देशांपुढील मोठे आव्हान आहे. वीजजालाशी म्हणजे ग्रीडशी जोडलेले मोठे सौर प्रकल्प हा त्यावरील एक मार्ग होय. मात्र अशा प्रकल्पांना विस्तीर्ण जमीन लागते आणि भारतासारख्या दाट लोकवस्तीच्या देशात जमीन मिळविणे हीच सर्वांत अवघड बाब ठरते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे या प्रश्नाचे जे उत्तर शोधण्यात आले, त्याचे स्वरूप व मर्यादा प्रस्तुत लेखात स्पष्ट केल्या आहेत.

उभारणी आणि कार्यपद्धती

पावगडा हा आंध्र प्रदेशच्या सीमेलगतचा अवर्षणप्रवण तालुका आहे. कोरडवाहू भुईमूग हे तेथील प्रमुख पीक. भरपूर सूर्यप्रकाश आणि बेभरवशाची शेती या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. २०१५ मध्ये केंद्र व राज्य यांच्या सार्वजनिक कंपन्यांनी संयुक्तपणे कर्नाटक सौर ऊर्जा विकास महामंडळ स्थापन केले. या महामंडळाने तिरुमणी, वल्लूर, रायचर्लू, बालसमुद्र आणि क्याथगानचर्लू या पाच गावांतील सुमारे १३,००० एकर जमीन एकत्र केली. मार्च २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये उद्यानाची स्थापित क्षमता २,०५० मेगावॅटवर पोहोचली.

सौर पट्ट्यांमधून एकदिश विद्युतप्रवाह मिळतो. इन्व्हर्टरद्वारे त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर केले जाते. पुढे टप्प्याटप्प्याने विद्युतदाब वाढवून उपकेंद्रांमार्फत ही वीज उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांत सोडली जाते. जमीन, रस्ते, उपकेंद्रे आणि पारेषण यांची व्यवस्था सार्वजनिक संस्थांनी केली, तर पट्ट्यांची उभारणी निविदेतून निवडलेल्या कंपन्यांनी केली. त्यामुळे कंपन्यांची जोखीम घटते व विजेचा दर कमी राखणे शक्य होते.

स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे. हे उद्यान अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालते असे मानल्यास वर्षाला सुमारे १,७९६ कोटी युनिट वीज मिळेल. परंतु रात्र, ढग व धूळ यांमुळे सौर प्रकल्पांत या आकड्याच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्षात हाती येतो. सूर्यास्तानंतरची मागणी जलविद्युत, औष्णिक वा अन्य स्रोतांतून भागवावी लागते.

भाड्याचे गणित

पावगड्याचे वेगळेपण जमिनीच्या व्यवहारात आहे. येथे जमीन संपादित न करता २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली. प्रारंभीचे भाडे एकरी वार्षिक २१,००० रुपये असून दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ ठरलेली आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि पाऊस पडो वा न पडो, उत्पन्न निश्चित मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही स्थिरता मोलाची आहे.

तथापि दीर्घ मुदतीचा हिशेब वेगळे चित्र दाखवितो. या दराने सत्ताविसाव्या वर्षी भाडे सुमारे ३९,६०० रुपये होईल. महागाई वर्षाला सरासरी ४ टक्के राहिली, तर आरंभीच्या २१,००० रुपयांची खरेदीशक्ती टिकविण्यासाठी त्या वर्षी सुमारे ५८,२०० रुपये लागतील. म्हणजेच भाड्याचे वास्तव मूल्य सुमारे एक तृतीयांशाने घटेल.

मालकीबाहेरचे घटक

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. भाडे सातबाऱ्यासारख्या अभिलेखावर नाव असणाऱ्यालाच मिळते. परंतु शेतजमिनीवर केवळ मालक जगत नाही. पेरणी, खुरपणी व काढणी करणारे भूमिहीन मजूर, पडीक रानात मेंढ्या चारणारे मेंढपाळ यांचाही त्या जमिनीवर निर्वाह असतो. जमीन कुंपणाआड गेली की त्यांचा आधार तुटतो, मात्र भाडेकरारात त्यांना स्थान नसते. उभारणीच्या काळात रोजगार वाढतो. प्रकल्प सुरू झाल्यावर तो पट्ट्यांची स्वच्छता, गवत कापणे, पहारा अशा मोजक्या कामांपुरता उरतो.

समारोप

भाडेपट्ट्याच्या प्रारूपाने सक्तीच्या भूसंपादनाला व्यवहार्य पर्याय दिला, हे त्याचे यश निर्विवाद आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा अनुभव महत्त्वाचा ठरतो. राज्याच्या २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,६०० रुपये भाडे व वार्षिक ३ टक्के वाढ निश्चित करण्यात आली. दर आणि वाढ दोन्ही पावगड्यापेक्षा अधिक आहेत. परंतु तेथेही भाडे जमीनधारकासच मिळते. भाडेवाढीची महागाईशी सांगड आणि भूमिहीनांसाठी स्वतंत्र तरतूद या दोन बाबी करारातच समाविष्ट झाल्या, तरच स्वच्छ ऊर्जेचा लाभ न्याय्य रीतीने वाटला जाईल.