काळी आहे, म्हणून कडक नाही

इंग्लंडमधल्या पबात समोर काळपट बिअरचा ग्लास आला की आपल्याकडच्या माणसाचा प्रश्न ठरलेला : "ही जास्त चढते का रे?" ग्लासात डार्क माइल्ड एल असेल तर उत्तर सोपं आहे. शेजारच्या टेबलावरच्या पिवळ्याधमक लागरपेक्षा ती कमीच चढते. डार्क माइल्डमध्ये अल्कोहोल साधारण ३ ते ३.८ टक्के असतं, लागरमध्ये बहुतेक वेळा ४ ते ५.

रंग आणि नशा यांची सांगड आपण उगाच घातली आहे. बिअरचा रंग ठरतो तो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, किती भाजलं त्यावर. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. असा करपेपर्यंत भाजलेला माल्ट शंभर किलो धान्यात चार-पाच किलो घातला तरी बिअर काळपट होते. अल्कोहोल मात्र यीस्टला साखर किती मिळाली यावर ठरतं, आणि त्या काळ्या माल्टात यीस्टच्या कामाची साखर फारशी उरलेलीच नसते. शिवाय माइल्ड काळीच असते असंही नाही. यॉर्कशरमधल्या टिमथी टेलर या ब्रुअरीची 'गोल्डन बेस्ट' सोनेरी आहे, तरी ती माइल्डच.

आपल्या वाइन शॉपमध्ये 'माइल्ड' मागितली की फ्रीजमधून लागर निघते. स्ट्राँग नको, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. इंग्लंडात मात्र या नावाचा अर्थ होता ताजी, न मुरवलेली बिअर. ती सौम्य असलीच पाहिजे असं नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या माइल्ड सहा टक्क्यांच्या, कधी त्याहूनही वर असत. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, सरकारने बिअरवर निर्बंध आणले, कर वाढवला आणि माइल्ड हलकी होत गेली. जुन्या जोराचा नमुना अजून प्यायला मिळतो. डडलीजवळच्या सेजली गावात बीकन हॉटेल आहे, त्याच्या मागच्या अंगाला सारा ह्यूज ब्रुअरी आहे. तिथली डार्क रूबी माइल्ड ६ टक्क्यांची आहे. गोड लागते आणि फसवते. काळी बिअर चढते या समजुतीला इथे मात्र आधार मिळेल. पण हा अपवाद आहे.

"कमी अल्कोहोल म्हणजे पाणचट." हा समज सगळ्यांत चिवट आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. पाणचट माइल्ड असतात, भरपूर असतात. पण पाणचटपणा हा त्या प्रकाराचा गुण नाही, तो करणाऱ्याचा दोष आहे. बिअर करताना माल्ट गरम पाण्यात भिजवतात. पाणी ६४-६५ अंशांवर ठेवलं तर स्टार्चची बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि बिअर कोरडी होते. तेच ६८-६९ अंशांवर नेलं की यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त तयार होतात. त्या बिअरमध्येच राहतात आणि घोटाला अंग देतात. जोडीला कॅरॅमलसारखा गोडवा देणारा क्रिस्टल माल्ट, आणि सगळी साखर फस्त न करणारं इंग्रजी यीस्ट. एवढं जमलं की साडेतीन टक्क्यांची बिअर जिभेवर भरीव लागते. ब्रुअरचं खरं कसब इथे दिसतं. स्टाउट या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरमध्ये, ती नऊ टक्क्यांची असेल तर, अल्कोहोलच अंग देतं, पुष्कळ चुका त्याखाली झाकल्याही जातात. माइल्डमध्ये झाकायला काही नाही.

म्हणून ती चाखायची रीतही वेगळी आहे. आधी ग्लास दिव्यासमोर धरा. टेबलावर काळी दिसणारी माइल्ड उजेडात कडेला माणकासारखी लाल दिसते, आणि चांगल्या ग्लासात ती नितळ असते. मग वास घ्या. बिस्किट, टॉफी, भाजलेला पाव, कधी खजूर किंवा मनुका, मागे कुठेतरी कोकोचा अंश. हे सगळं दबक्या आवाजात येतं, नाकावर आदळत नाही. घोट छोटा नको, चांगला तोंडभर घ्या. पहिल्यांदा माल्टचा गोडवा लागतो, मधे भाजल्याची किंचित कडवट धार, आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा जेमतेम तोल सांभाळण्यापुरता. दोष ओळखायला अवघड नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली आहे. लोण्याची चव जिभेवर रेंगाळत असेल तर यीस्टला आपलं काम पुरं करू दिलेलं नाही. भाजलेल्या माल्टची थोडी आंबट धार चालते, व्हिनेगरची नाही. आणि कॉफीचा स्वाद बाकी सगळ्यावर स्वार झाला तर ब्रुअरला स्टाउट करायची होती, असं माझं मत.

हे सगळं चार अंशांवर कळणार नाही. "इंग्रजांची बिअर कोमट आणि बिनफेसाची" अशी थट्टा आपणही करतो, पण ती कोमट नसते. पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर, म्हणजे तळघराच्या थंडाव्यात देतात. तिच्यात वायू कमी असतो, कारण तो बाहेरून भरलेला नसतो, पिंपातल्याच दुसऱ्या आंबवणीतून आलेला असतो. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. शिळ्या पिंपातली माइल्ड पिऊन माइल्डला नावं ठेवणारे खूप भेटतात.

परीक्षणाच्या टेबलावर तिची आणखी एक कुचंबणा होते. आधी कडक, कडू, ओकच्या पिंपात मुरलेल्या बिअर चाखल्या आणि मग माइल्ड पुढे आली, तर तिला सहज कमी गुण मिळतात. साध्या वरणाला कोणी मिसळीच्या तर्रीने मोजत नाही. हलक्या बिअर आधी, कडक नंतर, हा क्रम म्हणूनच पाळायचा. अमेरिकेच्या बीजेसीपी संस्थेच्या पत्रिकेत ५० गुण असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या अनुभवाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. म्हणजे ज्या रंगावरून आपण निकाल लावून मोकळे होतो त्याला फेस आणि नितळपणा धरून अवघे तीन गुण. स्वाद नुसता मंद आहे म्हणून गुण कापू नयेत. तो रिकामा वाटला तर जरूर कापावेत.

हलकी बिअर मोठी बक्षिसं घेत नाही असं वाटत असेल तर बर्नलीच्या मूरहाउसेसची 'ब्लॅक कॅट' बघा. ३.४ टक्क्यांची ही माइल्ड २००० साली 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन' ठरली. २००७ मध्ये तोच मान श्रॉपशरच्या हॉब्सन्स माइल्डला मिळाला, ती तर ३.२ टक्क्यांची.

आता एक गैरसमज उलट्या बाजूचा : "एवढी हलकी, मग गाडी चालवायला काय हरकत?" एका ब्रिटिश पाइंटात, म्हणजे ५६८ मिलिलिटरमध्ये, साडेतीन टक्क्यांच्या माइल्डमधून सुमारे २० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ते ५२ असतं. फरक मोठा आहे, पण तिसरा पाइंट रिचवला की तो फरक संपतो आणि तुम्ही बाटलीच्या पुढे जाता. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल कायद्याला चालतं, भारतात फक्त ३०. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ब्रुअरीत कधी माइल्ड मिळाली तर खुशाल मागवा, पण गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हातात देऊन.